पितृपक्षातलं सीतादही

कापूस फुटला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, पांढरं सोनं आहे, बघून डोळे निवतात. माझे निवत नाहीत. यवतमाळहून बाभुळगावकडे येणाऱ्या एसटीच्या खिडकीतून पहिलं पांढरं रान दिसलं की छातीत एक जुनी किटकिट सुरू होते, आणि ती कशाची आहे हे मला नीट ठाऊक आहे. हेव्याची. दुःखाची म्हटलं असतं तर शोभलं असतं. आजा गेल्याचं दुःख सांगायला बसलं की ऐकायला चार माणसं जमतात. पण मी सभांमधून बायकांना सांगत फिरते की बायांनो, जे आहे ते तोंडावर बोला. तर मीही तोंडावरच बोलते. माझे आजोबा, आमचे आबाजी, कापसाच्या दिवसांत गेले, आणि जायच्या आधी त्यांनी आपलं मरण माझ्या वहिनीच्या हाती सोपवलं. माझ्या नाही.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने आले. सकाळचं दव अजून पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर होतं. ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उन्हाची वाट बघत बसल्या होत्या. डोक्याला दुपट्टे, अंगात नवऱ्यांचे जुने शर्ट, बोटांना चिंध्या. वाळलेल्या बोंडांची टोकं नखाच्या कडेला घुसतात, ते कुठल्या कवितेत येत नाही. कापसाच्या ओळींमधल्या तासांत तूर पिवळी व्हायला लागली होती. एक बाई तंबाखू मळत दुसरीला म्हणाली, "पाय व, पत्रकवाली आली." दुसरी म्हणाली, "येऊ दे ना माय. वाचून दाखोते, आपल्या बापाचं काय जाते?" आणि दोघी हसल्या. मी पण हसले. गावात माझं नाव मनीषा आहे हे हळूहळू फक्त घरच्यांनाच माहीत राहील असं दिसतं.

एकेकाळी या हंगामाची मालकीण मी होते. हे खोटं नाही. बाभुळगावच्या जिनिंगला आमचा कापूस बैलगाडीतून जायचा तेव्हाची गोष्ट. गाडीला चारी बाजूंनी तट्टे लावून कापूस दाबून भरायचा, आबाजी स्वतः वर चढून पायांनी दाबायचे, आणि मग सगळ्यात वर मला बसवायचे. भावाला नाही, मला. विनोददादा खालून रडायचा. आबाजी म्हणायचे, "तू बाप्या हायेस, पायी चाल. हे आपली लक्ष्मी हाय." त्या ढिगाच्या आत रात्रभराची ऊब असायची. बसलं की कमरेपर्यंत रुतायचं. नाकात सरकीचा तेलकट वास, केसांत तूस, आणि खाली आबाजींच्या टोपीचा गोल. रस्त्यावरच्या बाभळी माझ्या उंचीवर येऊन जायच्या. सगळं जग पायाखाली ठेवून मी जिनिंगच्या फाटकातून आत जायचे. तशी उंची मला नंतर कुठल्याच व्यासपीठावर मिळाली नाही.

मग मला शिकायला यवतमाळला पाठवलं. पाठवणारे तेच. बसमध्ये बसवताना म्हणाले, "जाय. इथं काय हाय?" मी हे वाक्य वरदान समजून घेऊन गेले. त्यांनी जागा रिकामी करून घेतली, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

त्या रिकाम्या जागेवर सुनंदा वहिनी आली. दारव्ह्याकडची, बोरी अरबची. माझ्याच वयाची. डोक्यावर पदर, सासऱ्यासमोर बोलायचं नाही, आजेसासऱ्यासमोर तर दारामागूनच बोलायचं, असा सगळा थाट. मी सुट्टीत आले की तिला समजवायचे, "वहिनी, पदर काढ, समोर बस, तू काही गुन्हा केला नाहीस." ती म्हणायची, "हो ताई," आणि पदर आणखी खाली ओढायची. मला तिची कीव यायची. आता वाटतं, ती कीव मी जपून ठेवायला हवी होती, आजच्या हेव्यापेक्षा बरी होती. कारण घरात दारामागून बोलणारी ही बाई वावरात गेली की आबाजींशी वाद घालायची. मी एकदा धुऱ्याआडून ऐकलं. "इथं कापूस बांधाचं चवाळं उतरते, इथं तूर नोका टाकू म्हणलं होतं ना तुमाले?" आणि आबाजी, ज्यांच्यापुढे माझे बाबा अजून मान वर करत नव्हते, ते गुमान म्हणाले, "बरं बापा, चुकलं. पुढच्या साली तू टाक."

माझ्याशी ते कधीच वाद घालायचे नाहीत. माझं सगळं ऐकून घ्यायचे. तो मला मान वाटायचा.

आता सीतादह्याबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी अशीच सुरू होत नाही. धुऱ्याजवळच्या एखाद्या चांगल्या पऱ्हाटीखाली सात खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, नव्या कापसाची वात करून दिवा लावायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा दहीभात चारी दिशांना उधळायचा, आणि मग घरच्या बाईने पहिली बोंडं वेचून ओटीत घ्यायची. त्यानंतर बाकीच्या बाया आपापल्या ओळी, म्हणजे पाती धरतात. हे झाल्याशिवाय वेचणाऱ्या बाया कापसाला हात लावत नाहीत. आजी होती तोवर हा मान तिचा होता. ती गेल्यावर आईकडे आला. आईचे गुडघे गेले तेव्हा मी सरळ म्हटलं, "आबाजी, यंदा मी करते."

आबाजी बैलाच्या पाठीवर हात फिरवत होते. म्हणाले, "लेकीनं आपल्या घरच्या वावरात करावं."

"मग हे कोणाचं घर आहे?"

"तुयंच हाय. पण सीतादही सुनेचं रायते."

त्या रागावर मी एक पत्रक लिहिलं. लेकीला जमिनीत हक्क, कामात हक्क, रिवाजात हक्क. जिल्हाभर वाटलं. त्यातला शब्दन्‌शब्द मला आजही मान्य आहे. ज्या घरात लेक वाढते, खपते, त्या घराच्या पहिल्या बोंडावर तिचा हात का नको? त्या साली पहिली ओटी वहिनीने भरली, आणि मी धुऱ्यावर उभी राहून सगळ्यांना प्रसादाचा दहीभात वाटला.

आबाजींच्या शेवटच्या साली पितृपक्षात मी घरी होते. आमच्या बायांच्या गटाने गावात आरोग्य तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. आबाजींचे पाय सुजलेले मी पाहिले. बोट दाबलं की खळगा पडायचा. चार पावलं चालले की बाजेवर टेकायचे. मी म्हटलं, "उद्या शिबिरात यायचं, पहिला नंबर तुमचा." म्हणाले, "हो येतो ना." सकाळी बघते तर बाज रिकामी. दुपारी आले तेव्हा टोपीला गवताची काडी, धोतराला चिखल, आणि चेहऱ्यावर पोरांनी बोरं चोरून आणल्यावर असतो तसा भाव. मागे वहिनी, डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं. मी शिबिराच्या गडबडीत होते. मी चिडून म्हटलं, "कुठं गेलते?" ते म्हणाले, "वावरात गेलतो जरासा. पाहून आलो." वहिनी टोपली घेऊन आत गेली. डॉक्टर तोवर निघून गेले होते.

दसरा झाला. मी ढाणकीला सभेला होते. वेचणीचे दर, बायांना प्यायचं पाणी, सावली, लेकराला झोपवायला जागा, असे मुद्दे होते. मी बोलायला उभी राहिले होते आणि खिशातला फोन थरथरत होता. भाषण संपवून मी फोन घेतला. दादा नुसता श्वास घेत होता. आबाजी सकाळच्या उन्हात बाजेवर बसून चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि गेले. उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा. जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपला जिल्हा उगाच एवढा मोठा केला.

पोहोचले तर अंगणात सगळं गाव. मी इतक्या सभा घेतल्या, माझ्या कुठल्याही हाकेला एवढी माणसं आली नाहीत. बाभुळगावचे मोटर दुरुस्त करणारे रफिकभाई दुकान बंद करून आले होते. रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "काका का अलगच होतं बेटा. मोटर जळली की मला फोन, अन मी आलो की मलाच शिव्या, क्या तेरी कंपनी है रे! माझी कंपनी कुठं, मी फक्त वायंडिंग करतो. पन ऐकून घेत होतो. आता कोन देईल शिव्या?" लोक रडता रडता हसले. प्रत्येकाकडे आबाजींचा एक तुकडा होता, आणि जो तो आपला तुकडा उजेडात धरून दाखवत होता. मी माझ्या बैलगाडीचं सांगायला तोंड उघडलं, आणि गप्प राहिले. फार जुनं होतं ते.

वहिनी कुठे दिसली नाही. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती.

खरी गोष्ट पुढे झाली. घरात सुतक. सुतकात पूजा नाही, पूजा नाही तर सीतादही नाही, सीतादही नाही तर वेचणी नाही. आणि वावर तर असं फुटलेलं की कापूस बोंडातून लोंबून खाली मातीला टेकत होता. आभाळ भरून यायला लागलं. दोन घरं पलीकडे असंच सुतक होतं. त्यांच्या वावरात कोणी गेलं नाही. बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात वेचणाऱ्या बायांची पुढारीण कलाबाई फाटकातून आत डोकावली.

"भाऊ, आमी पाती धरून राह्यलो. सांगून जावं म्हणलं."

बाबा म्हणाले, "अव पण कलाबाई, सुतक हाय. सीतादही कुठं झालं?"

"झालं ना! पित्रातच नाई का झालं? बुढेबुवा सोता हजर होते. मी होतो, सुनबाई होती. चार बोंडं नव्हती फुटली धड. मी म्हणलं, बुवा, पित्रात कोनी सीतादही करते का? त मले म्हणते, तू तोंड बंद ठेव, पितरच येतीन माये खायाले."

मग बाबा मटकन ओट्यावर बसले आणि रडायला लागले. तोवर ते रडले नव्हते. दादाने कपाळाला हात लावला. कोणीतरी म्हणालं, "काय माणूस होता! मरणाची सोय लावून गेला." आणि त्या दिवसापासून गावभर हीच गोष्ट. बुवानं सुतक ओळखलं, कापूस अडू नये म्हणून आधीच सीतादही उरकून घेतलं. पाऊस आला तेव्हा आमचा कापूस घरात होता. लोक ही गोष्ट सांगताना अजून हात जोडतात.

मी जोडत नाही. ज्या दिवशी दारात डॉक्टर बसला होता, त्या दिवशी सुजलेल्या पायांनी हा माणूस वावरात गेला, मरणाची तयारी करायला. आणि गाव त्याला शहाणपण म्हणतं. हे शहाणपण नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं दुखणं लपवतात आणि आपण त्याला सोन्यासारखं मरण म्हणून मोकळे होतो. हे मी चौकात म्हणाले आहे, पुन्हा म्हणेन. पण चौकात जे म्हणाले नाही ते असं: घरात मी असताना त्यांनी तिला नेलं. डोक्यावर टोपली देऊन. माझ्या समोरून.

मी मागच्या अंगणात गेले. वहिनी राखेने कढई घासत होती.

"तुले केव्हा सांगितलं त्यांनी?"

तिने काय म्हणून विचारलं नाही. "पोळ्याच्या मागंपुढं. वेसन बदलून राह्यले होते बैलाची. म्हणाले, सुनंदा, यंदा कापूस काई मले पाहाले भेटत नाई."

"अन तू काय म्हणाली?"

"काय म्हणू? जेवाले वाढू का म्हणलं."

"जेवले?"

"जेवले ना. दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला."

मला त्या दोन भाकरींचा हेवा वाटला. खरं सांगते. एखादा माणूस आपण मरणार हे सांगतो आणि समोरची बाई रडत नाही, ओरडत नाही, फोन लावत नाही, ताट वाढते, आणि तो जेवतो. एवढं सोपं होतं त्यांना तिच्याजवळ.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं त दवाखान्याची गाडी आली असती."

"यायलाच पाहिजे होती!"

"म्हणूनच नाई सांगितलं."

तिने कढई पालथी घातली. मी म्हटलं, "वहिनी, वाचले असते कदाचित." तिने राखेचे हात धुतले. मग म्हणाली, "असते बी. मी नाई म्हटलं का? मले काय ते जड झाले होते?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. पदर खांद्यावर आला होता आणि तिने तो वर घेतला नाही. "रोज सकाळी उठून पाहो, श्वास चालू हाय का. कोनाले सांगाची सोय नाई. तुमच्या दादाले बी नाई सांगितलं. तुमी बरं, तुमाले कायच माईत नव्हतं."

मी विचारलं, "भ्यायले होते का ते? रडले का कधी?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "ते माझ्यापाशी राहू द्या, ताई."

तेव्हापासून हंगाम येतात नि जातात, आणि ते तिच्यापाशीच आहे. मी गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, दिवाळीला साडी आणून पाहिलं. साडी ठेवून घेतली. बाकी काही नाही. कधी दोघी भाजी निवडत असतो आणि तिला काही आठवून हसू येतं, आणि मला कळतं की ते आबाजींचंच काही आहे, आणि ती सांगणार नाही. माणूस गेल्यावर त्याचं वावर वाटता येतं, भांडी वाटता येतात, त्यासाठी कायदा आहे, मी तो गावोगाव समजावून सांगते. पण एका माणसाचे शेवटचे काही आठवडे एकट्या दुसऱ्या माणसाकडे राहिले तर त्यात हिस्सा मागायला कोणत्या दारात जायचं, ते मला ठाऊक नाही.

यंदा दसरा सरल्यावर सीतादही ठरलं. मी मुद्दाम आले. रागाच्या भरात नाही, सकाळच्या शुद्धीत, धुऱ्यावर, सगळ्या बायांसमोर बोलले. सात खडे मांडून झाले होते. वात पेटली होती. वहिनी ओटी बांधत होती.

"वहिनी, यंदा पहिला हात माझा."

कलाबाईने तंबाखूची चिमूट तोंडाकडे नेता नेता थांबवली. मला वाटलं, वहिनी हसून बाजूला होईल. सुना होतात. तसं झालं असतं तर मी घेतलं असतं, आणि मला ते गोडही लागलं असतं.

वहिनी म्हणाली, "नाई."

"नाई म्हणजे?"

"नाई म्हणजे नाई, मनीषाताई. नोका मागू." ती ओटीची गाठ सोडून पुन्हा आवळत होती. "तुमाले त्यायनं शाळा देली, यवतमाळ देलं, कुठंबी जाची मुभा देली, चारचौघात बोलाची देली. मी कधी हिस्सा मागतला? कापसाच्या गाडीवर तुमी बसत होत्या, तुमचे दादा सांगते मले. माया बापानं मले साध्या सायकलवर नाई बसोलं. मी काई म्हणलं नाई तुमाले. पण हे त्यायनं मले देलं, माया हातानं करून घेतलं, पित्रात, मरता मरता. हे माझं हाय. बाईनं आपलं सोडू नये, तुमीच सांगता ना सभेत? मंग मी कायले सोडू?"

बाया हसल्या नाहीत. मी इतक्या गावांत इतक्या बायांना हे वाक्य शिकवलं, पण आजवर कुणी ते असं, घाबरत घाबरत, समोरच्याच्या तोंडावर वापरलेलं पाहिलं नव्हतं. माझ्याविरुद्ध वापरलं. मला प्रचंड राग आला. आणि ते बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. दोन बायांचं बरोबर एकाच पऱ्हाटीपाशी येऊन उभं राहिलं, आणि आबाजी ही गाठ मारून खुशाल निघून गेले होते. त्या क्षणी मी त्यांच्यावरही चिडले.

वहिनी वाकली. पहिलं बोंड तिने असं वेचलं, की पाकळ्यांत एक धागा मागे उरला नाही. दुसरं. तिसरं. बाया पाती धरायला लागल्या. माझ्याजवळ ओटी बांधायला काही नव्हतं, तर कलाबाईने आपल्या डोक्याचा दुपट्टा सोडून माझ्याकडे फेकला.

"उभ्या काहून?" वहिनीने मान न वळवता विचारलं. "बाजूची पात धरा. सांडू नोका फक्त."

मी धरली. पहिल्याच बोंडाने नखाजवळ रक्त काढलं. ऊन चढलं, सगळ्या वावरभर वाळक्या पानांची बारीक कुरकुर सुरू झाली. ती माझ्यापुढे चार झाडं, मग दहा झाडं, मग नुसता पाठीचा घामेजलेला शर्ट. दादाचा जुना, निळा. मी त्या पाठीवर नजर ठेवून वेचत राहिले. पातीच्या टोकाला पोहोचून ती वळली. तिची ओटी भरून पोटासारखी पुढे आली होती. तिने माझ्या अर्ध्या ओटीकडे पाहिलं, आणि माझ्याच पातीत समोरून शिरून माझ्याकडे वेचत यायला लागली.